लिनक्स बूट होताना एन्क्रिप्टेड डिस्क उघडत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

लक्सने (लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) एन्क्रिप्ट केलेली डिस्क बूटच्या वेळी उघडली नाही की पडद्यावर खालीलपैकी काहीतरी दिसतं. आपलं लक्षण कोणतं ते आधी नीट ओळखा. मोबाइलने पडद्याचा फोटो काढून ठेवा, कारण या ओळी झरझर वर सरकतात आणि नंतर नेमके शब्द आठवत नाहीत.

– पासफ्रेज (डिस्क उघडण्याचा लांब पासवर्ड) विचारला जातो, तुम्ही बरोबर टाकता, तरी 'नो की अव्हेलेबल विथ धिस पासफ्रेज' किंवा 'बॅड पासवर्ड ऑर ऑप्शन्स' असं उत्तर येतं.
– पासफ्रेज विचारलाच जात नाही. लोगो दिसतो किंवा काळा पडदा, आणि पुढे काही हलत नाही.
– 'वेटिंग फॉर एन्क्रिप्टेड सोर्स डिव्हाइस' ही ओळ येते. थोड्या वेळाने 'अलर्ट… डझ नॉट एक्झिस्ट' असं म्हणून मशीन इनिटरॅमएफएसच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या तात्पुरत्या सिस्टिमच्या, छोट्या शेलमध्ये नेऊन सोडतं.
– 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' अशी ओळ दीड मिनिट सेकंद मोजते आणि मग इमर्जन्सी मोड.
– कालपर्यंत टीपीएममुळे (मशीनमधल्या किल्ली सांभाळणाऱ्या चिपमुळे) आपोआप उघडणारी डिस्क आज पासफ्रेज मागते.
– 'नॉट अ व्हॅलिड लक्स डिव्हाइस'. यादीत गंभीर म्हणावं असं हे एकच. बाकीच्यांत घाबरण्यासारखं फारसं नसतं.

माझ्याकडे या तक्रारीसाठी येणारी मशीन बहुतेक डेबियन, उबुंटू आणि मिंटची असतात, त्यामुळे कमांड त्यांच्याच दिल्या आहेत. फेडोरा आणि आर्चचा फरक जिथे महत्त्वाचा, तिथे सांगितला आहे. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत लहान अक्षरांत टाइप करायची. अपवाद लक्सडंप, लक्सअ‍ॅडकी अशा जोडनावांचा. त्यांत 'लक्स'नंतरच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असतं.

कशालाही हात लावण्याआधी

लोक येतात ते 'किल्ली गेली' असं म्हणत. किल्ली सहसा गेलेली नसते. तुमचा डेटा पासफ्रेजने एन्क्रिप्ट झालेलाच नसतो. तो होतो एका यादृच्छिक व्हॉल्यूम कीने, आणि ती व्हॉल्यूम की डिस्कच्या सुरुवातीच्या हेडरमध्ये, वेगवेगळ्या स्लॉटमध्ये, वेगवेगळ्या पासफ्रेजने बंद करून ठेवलेली असते. लक्स-१ मध्ये असे ८ स्लॉट असतात, लक्स-२ मध्ये जास्तीत जास्त ३२. पासफ्रेज फक्त एक स्लॉट उघडतो.

बूटच्या वेळी ग्रब हा बूटलोडर उघड्या, म्हणजे एन्क्रिप्ट न केलेल्या, /बूट पार्टिशनमधून कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस उचलतो. इनिटरॅमएफएसमध्ये क्रिप्टसेटअप हा प्रोग्राम आणि कोणती डिस्क उघडायची याची नोंद असते. तो तुम्हाला विचारतो, स्लॉट उघडतो, व्हॉल्यूम की कर्नलच्या डीएम-क्रिप्ट या एन्क्रिप्शन सांभाळणाऱ्या भागाकडे सोपवतो आणि मग रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम, माउंट होतं. या साखळीत हेडर हा एकच दुवा असा आहे की तो तुटला तर डेटा जातो. बाकी कोणताही दुवा तुटला तर डेटा जागच्या जागी, जसाच्या तसा असतो.

म्हणून माझा आग्रह एवढाच: निदान होईपर्यंत फक्त वाचणाऱ्या कमांड चालवा. लक्सफॉरमॅट, लक्सइरेज, लक्सकिलस्लॉट यांना हात लावू नका आणि 'पुन्हा इन्स्टॉल करून बघू' हा विचार मनातही आणू नका. इन्स्टॉलर त्याच पार्टिशनवर नवा हेडर लिहितो आणि जुनी व्हॉल्यूम की कायमची पुसली जाते. दुरुस्तीला आलेल्या मशीनवर डेटा खरोखर गेलेला मी पाहिला आहे तो मूळ बिघाडाने क्वचित, अशा घाईच्या उपायाने जास्त.

दुसरी गोष्ट. मशीन अजून चालू असेल, डिस्क उघडी असेल आणि हेडर बिघडल्याचा नुसता संशय जरी असेल, तर ते बंद करू नका, रीस्टार्टही करू नका. उघड्या डिस्कची व्हॉल्यूम की कर्नलच्या स्मृतीत (रॅममध्ये) असते आणि हेडर पुसला गेला तरी चालू सत्रात फाइली वाचता येतात. आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. बाकीचं नंतर.

कीबोर्ड

यात खर्च शून्य आणि वेळ पाच मिनिटं. 'बरोबर पासफ्रेज चालत नाही' या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे.

कॅप्स लॉक आणि नम लॉक बघा. पासफ्रेजमधले आकडे उजवीकडच्या कीपॅडवरून टाकत असाल तर बूटच्या वेळी नम लॉक बंद असू शकतो, आणि चुकलेली अक्षरं तुम्हाला दिसतही नाहीत. आकडे वरच्या ओळीतून टाका.

मग कीबोर्डची मांडणी. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये निवडलेली मांडणी बूटच्या वेळी लागू नसते. तिथे लागू होते ती ईटीसी-डिफॉल्टमधल्या कीबोर्ड फाइलची मांडणी, आणि तीसुद्धा इनिटरॅमएफएस शेवटचं बनलं त्या वेळी होती ती. त्यामुळे मांडणी बदलून महिना होतो, मग कर्नलचं अपडेट येतं, नवं इनिटरॅमएफएस बनतं आणि पासफ्रेज 'अचानक' चालेनासा होतो.

आपल्याकडे विकले जाणारे कीबोर्ड अमेरिकी मांडणीचे असतात, पण इन्स्टॉल करताना काही जण ब्रिटिश इंग्रजी निवडतात. दोन्हींत अक्षरं आणि आकडे सारखेच, चिन्हं मात्र इकडची तिकडे. अमेरिकी मांडणीत शिफ्ट आणि २ दाबलं की अ‍ॅट चिन्ह येतं, ब्रिटिशमध्ये दुहेरी अवतरण. शिफ्ट आणि ३ ने अमेरिकीत हॅश, ब्रिटिशमध्ये पौंड. नावापुढे अ‍ॅट आणि मग आकडे अशा धाटणीचा पासफ्रेज असेल तर घोटाळा इथेच होतो. त्या वेळी मशीनवर ब्रिटिश मांडणी आहे असं समजून टाकून बघा: अ‍ॅटसाठी शिफ्ट आणि एकेरी अवतरणाची कळ, हॅशसाठी बॅकस्लॅशची कळ.

देवनागरीत पासफ्रेज ठेवणाऱ्यांसाठी कळकळीने सांगतो: ठेवू नका. बूटच्या वेळी देवनागरी टाइप करण्याची सोय नसते. ती असती तरी दुसरी अडचण उरतेच. 'दुसऱ्या'मधला अर्धा र हा ऱ या स्वतंत्र अक्षराने लिहिता येतो, किंवा साध्या र ला हलन्त आणि न दिसणारा जोडक लावून लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आतले बाइट वेगळे. क्रिप्टसेटअप बाइट जुळवतो, दिसणं नाही. एका कीबोर्डवर चाललेला पासफ्रेज दुसऱ्यावर चालत नाही तो यामुळे. रुपयाच्या चिन्हाचीही तीच गत.

खात्री कशी करायची? तीन वेळा चुकून इनिटरॅमएफएसच्या शेलमध्ये पडलात की तिथेच पासफ्रेज टाइप करून बघा. तिथे अक्षरं दिसतात. काय येतं ते पाहा आणि एंटर न दाबता पुसून टाका. आसपास कोणी नाही ना, तेवढं बघा.

प्रश्न दिसतच नसेल तर

प्लायमथ, म्हणजे लोगो दाखवणारा पडदा, कधी कधी पासफ्रेजचा चौकोन काढतच नाही. एस्केप दाबा. खालचा मजकूर दिसतो आणि बऱ्याचदा पासफ्रेज मागणारी ओळ तिथेच वाट बघत असते. एस्केपने भागलं नाही तर ग्रबच्या मेनूत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द काढा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. हा बदल त्या एका बूटपुरता असतो. लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला असेल तर झाकणही उघडून बघा, प्रश्न दुसऱ्या पडद्यावर असू शकतो.

ब्लूटूथ कीबोर्ड या टप्प्यावर चालत नाही. यूएसबी हब किंवा डॉक मध्ये असेल तर तो काढा आणि कीबोर्ड थेट मशीनला लावा. एन्क्रिप्टेड डिस्क बाहेरची असेल तर केबल बदला, दुसरा पोर्ट वापरून बघा. बायोसमध्ये डिस्क दिसते का तेही बघा. तिथेच ती दिसत नसेल तर पुढचं काहीच लागू नाही, प्रश्न हार्डवेअरचा आहे.

जुना कर्नल

ग्रबच्या मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. ही तपासणी फुकटची आहे आणि ती बरंच काही सांगते. जुन्या कर्नलवर डिस्क उघडली, तर हेडर, स्लॉट आणि पासफ्रेज तिन्ही ठणठणीत आहेत. बिघाड फक्त नव्या इनिटरॅमएफएसमध्ये आहे.

त्यामागचं नेहमीचं कारण: /बूट भरलेलं. एन्क्रिप्टेड इन्स्टॉलमध्ये /बूट वेगळं आणि छोटं असतं. जुने कर्नल साठत जातात, जागा संपते आणि नवं इनिटरॅमएफएस अर्धवट लिहिलं जातं किंवा लिहिलंच जात नाही. ते मुळातच नसेल तर 'अनेबल टू माउंट रूट एफएस' अशी कर्नल पॅनिकची ओळ दिसते. डीएफ -एच /बूट चालवून जागा बघा. कमी असेल तर एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज, अपडेट मध्येच तुटलं असेल तर डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, आणि शेवटी अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

हाताने उघडून बघणं

जुना कर्नलही चालत नसेल तर इनिटरॅमएफएसच्या शेलमध्येच थांबा. पेनड्राइव्ह शोधायची इतक्यात गरज नाही.

ब्लकआयडी चालवा. ज्या ओळीत टाइप म्हणून 'क्रिप्टो लक्स' लिहिलेलं आहे, ते तुमचं पार्टिशन. ही ओळ दिसली म्हणजे हेडरची ओळख शाबूत आहे. मग क्रिप्टसेटअप ओपन, पुढे त्या पार्टिशनचं नाव, पुढे मॅपिंगचं, म्हणजे उघडलेल्या डिस्कला द्यायचं, नाव. मॅपिंगचं नाव मनाने देऊ नका. क्रिप्टटॅबमध्ये (कोणती डिस्क कोणत्या नावाने उघडायची याच्या फाइलमध्ये) जे आहे तेच हवं, डेबियनच्या इन्स्टॉलरने ते सहसा 'एसडीए३ क्रिप्ट' अशा थाटाचं ठेवलेलं असतं. उघडलं आणि आत एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग पाडणारी व्यवस्था) असेल तर एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय, आणि मग एक्झिट. बूट पुढे सरकतं.

हाताने उघडतं आणि आपोआप उघडत नाही, याचा अर्थ किल्ली ठीक आहे, नोंद चुकलेली आहे. क्रिप्टटॅबकडे वळा. हातानेही उघडत नाही, पण कीबोर्डची खात्री झालेली आहे, तर प्रश्न स्लॉटचा किंवा मशीनच्या स्मृतीचा, म्हणजे रॅमचा. तो भाग खाली आहे. आणि क्रिप्टसेटअप ही कमांडच सापडत नसेल, तर ती इनिटरॅमएफएसमध्ये गेलीच नाही. डेबियन १० पासून त्यासाठी क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस हे वेगळं पॅकेज लागतं, ते मशीनवर आहे का बघा.

क्रिप्टटॅब आणि यूयूआयडी

ईटीसीमधल्या क्रिप्टटॅब फाइलमध्ये प्रत्येक ओळीत चार रकाने असतात: मॅपिंगचं नाव, मूळ पार्टिशन, की फाइल किंवा 'नन', आणि पर्याय. चुका ठरलेल्या आहेत.

पहिली, दुसऱ्या रकान्यात चुकीचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक. एकाच पार्टिशनशी दोन यूयूआयडी जोडलेले असतात: बाहेरच्या लक्स कवचाचा आणि आतल्या फाइल सिस्टिमचा. क्रिप्टटॅबमध्ये बाहेरचा हवा, एफएसटॅबमध्ये (कोणती फाइल सिस्टिम कुठे माउंट करायची याच्या फाइलमध्ये) आतला किंवा मॅपिंगचं नाव. ही अदलाबदल झाली की 'वेटिंग फॉर एन्क्रिप्टेड सोर्स डिव्हाइस' ठरलेलंच, कारण आतला यूयूआयडी कवच उघडल्याशिवाय दिसतच नाही.

दुसरी, यूयूआयडीऐवजी एसडीए, एसडीबी अशी नावं. एखादा पेनड्राइव्ह लावून ठेवला तरी ही नावं बदलू शकतात.

तिसरी, डिस्क डीडीने (जशीच्या तशी प्रत काढणाऱ्या कमांडने) नव्या एसएसडीवर कॉपी केली आणि जुनीही जोडलेलीच ठेवली. दोन्हींचा यूयूआयडी एकच असतो. मग कोणती उघडेल याचा भरवसा नाही, आणि तुम्ही पासफ्रेज बदलला असेल एकीचा. जुनी काढून ठेवा.

आर्चवर क्रिप्टटॅबपेक्षा कर्नलच्या ओळीतली क्रिप्टडिव्हाइसची नोंद आणि एमकेइनिटसीपीआयओच्या (तिथे इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) हुकांचा, म्हणजे टप्प्यांचा, क्रम बघा. एन्क्रिप्ट हा हुक फाइलसिस्टम्सच्या आधी हवा, कीबोर्ड हा हुक ऑटोडिटेक्टच्या आधी. फेडोरावर कर्नलच्या ओळीत आरडी-लक्स-यूयूआयडी बरोबर आहे का ते बघा आणि ड्रॅकट -एफ चालवा, त्याने इनिटरॅमएफएस नव्याने बनतं.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून दुरुस्ती

इनिटरॅमएफएस पुन्हा बनवायचं आणि मशीन कशानेच बूट होत नाही, अशा वेळी लाइव्ह पेनड्राइव्ह लागतो. क्रम असा: क्रिप्टसेटअप ओपनने पार्टिशन उघडा, एलव्हीएम असेल तर जागं करा, रूट एका फोल्डरवर माउंट करा, त्यात /बूट आणि /बूट/ईएफआय माउंट करा, मग डेव्ह, प्रॉक आणि सिस बाइंड करा, सीएचरूट करा (म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरा) आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल.

इथे एक सापळा आहे, आणि 'सगळं केलं तरी पुन्हा तेच' म्हणून आलेल्या मशीनवर मला तो सारखा सापडतो. लाइव्ह सत्रात डिस्क फाइल मॅनेजरमध्ये क्लिक करून उघडली की तिला 'लक्स' आणि पुढे लांबलचक यूयूआयडी असं मॅपिंगचं नाव मिळतं. क्रिप्टटॅबमध्ये नाव असतं वेगळं. अपडेट-इनिटरॅमएफएसला ती जोडी लागत नाही. 'टार्गेट नॉट फाउंड इन क्रिप्टटॅब' अशी एक ओळीची सूचना देऊन तो पुढे जातो आणि रूट डिस्कची नोंद इनिटरॅमएफएसमध्ये जातच नाही. म्हणून टर्मिनलमधून, क्रिप्टटॅबमधल्याच नावाने उघडा. दुसरी चूक म्हणजे /बूट माउंट करायला विसरणं. मग नवं इनिटरॅमएफएस रूटमधल्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये लिहिलं जातं आणि ग्रब जुनंच उचलत राहतो.

काम झाल्यावर एलएसइनिटरॅमएफएसने नव्या फाइलची यादी काढा आणि तिच्यात क्रिप्टसेटअप शोधा. सापडलं तरच रीबूट करा.

की फाइल

दुसऱ्या, डेटाच्या डिस्कसाठी की फाइल वापरणारे बरेच आहेत, आणि दीड मिनिटाचं ते थांबणं बहुतेक इथूनच येतं.

फाइलच्या शेवटची नवी ओळ हा इथला मुख्य गुन्हेगार. तुम्ही पासफ्रेज कीबोर्डवरून टाकता तेव्हा क्रिप्टसेटअप एंटरपाशी थांबतो. की फाइल मात्र तो पूर्ण वाचतो, शेवटच्या न दिसणाऱ्या नव्या ओळीसकट. नॅनोमध्ये पासफ्रेज लिहून फाइल जतन केली किंवा नुसत्या एकोने बनवली की तो एक बाइट वाढतो आणि किल्ली लागत नाही. डब्ल्यूसी -सी चालवा. पासफ्रेज १६ अक्षरांचा आणि उत्तर १७ आलं तर कारण सापडलं. प्रिंटएफने फाइल पुन्हा बनवा. त्याहून चांगलं, यूरँडममधून (लिनक्सच्या यादृच्छिक बाइट देणाऱ्या फाइलमधून) ६४ बाइट घेऊन खरी यादृच्छिक की फाइल बनवा, लक्सअ‍ॅडकीने ती नव्या स्लॉटमध्ये घाला आणि परवानगी ०४०० ठेवा.

की फाइल त्या वेळी दिसत असलेल्या ठिकाणी हवी. ती पेनड्राइव्हवर असेल तर क्रिप्टटॅबच्या तिसऱ्या रकान्यात फाइलच्या वाटेपुढे अपूर्णविराम (कोलन) आणि त्या पेनड्राइव्हचा यूयूआयडी द्या आणि कीफाइल-टाइमआउट ठरवा, म्हणजे पेनड्राइव्ह घरी राहिला तरी मशीन पासफ्रेज विचारेल. डेबियनवर जुन्या माहितीवरून कीस्क्रिप्टचा (किल्ली आणून देणाऱ्या स्क्रिप्टचा) पर्याय टाकला असेल तर लक्षात घ्या: सिस्टमडीला, म्हणजे सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेला, तो कळत नाही. तो चालायला हवा असेल तर त्याच ओळीत 'इनिटरॅमएफएस' हाही पर्याय हवा.

ज्या डिस्कविना मशीन चालू शकतं, तिच्यासाठी क्रिप्टटॅब आणि एफएसटॅब दोन्हींत नोफेल लिहा. एका ठिकाणी लिहून उपयोग नाही.

आणि रूट डिस्कची की फाइल इनिटरॅमएफएसमध्ये घालून 'पासफ्रेजची कटकट संपवणं': /बूट उघडं असेल तर हे म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली शेजारच्या कुंडीखाली ठेवणं. लॅपटॉप चोरीला गेला तर एन्क्रिप्शनचा काहीही उपयोग होणार नाही. ज्यांच्या मशीनवर अशिलांची, रुग्णांची, विद्यार्थ्यांची कागदपत्रं आहेत त्यांनी हे कदापि करू नये.

टीपीएम

टीपीएम चिप किल्ली देते ती मशीनची अवस्था नोंदणीच्या वेळी होती तशीच असेल तर. ही अवस्था पीसीआर नावाच्या नोंदवह्यांत मोजली जाते. पीसीआर ० मध्ये फर्मवेअर, ४ मध्ये बूटलोडर, ७ मध्ये सिक्युअर बूटची स्थिती. बायोस अपडेट झालं, सिक्युअर बूट चालू-बंद केलं, किंवा त्याची नाकारलेल्या सह्यांची यादी अपडेट झाली की मोजमाप बदलतं आणि चिप किल्ली द्यायला नकार देते. ती तिचं कामच करते आहे. पासफ्रेज टाका, आत जा, आणि काय बदललं ते शोधा. कारण सापडल्यावर सिस्टमडी-क्रिप्टएन्रोलला --वाइप-स्लॉट=टीपीएम२, --टीपीएम२-डिव्हाइस=ऑटो आणि --टीपीएम२-पीसीआरएस=७ देऊन नव्याने नोंदणी करा. पासफ्रेजचा स्लॉट चालतो हे आधी तपासूनच.

तुम्ही काहीही अपडेट केलेलं नाही आणि तरी मोजमाप बदललं आहे, तर डोळे मिटून पुन्हा नोंदणी करू नका. मशीन दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं होतं का, हा प्रश्न आधी विचारा. त्यासाठीच तर ही व्यवस्था आहे.

डेबियनच्या नेहमीच्या इनिटरॅमएफएस व्यवस्थेला क्रिप्टटॅबमधला टीपीएमचा पर्याय समजत नाही. तिथे क्लेव्हिस हे टीपीएमवरून डिस्क उघडणारं पॅकेज वापरा किंवा ड्रॅकटकडे वळा. उबुंटू-डेबियनवर 'सगळं नीट केलं तरी टीपीएम चालत नाही' याचं कारण बहुधा एवढंच.

मदरबोर्ड बदलला की टीपीएमही बदलते आणि जुनी नोंदणी कायमची निकामी होते. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी पासफ्रेज आठवतो का आणि चालतो का, ते एकदा तपासाच.

स्मृती कमी पडणं

लक्स-२ मध्ये स्लॉट बंद करायला आर्गॉन२आयडी हा पासफ्रेजपासून किल्ली बनवणारा अल्गोरिदम वापरतात. तो मुद्दाम भरपूर स्मृती खातो, म्हणजे चोराला पासफ्रेज धडाधड ओळखता येऊ नयेत. मोठ्या मशीनवर बनवलेल्या स्लॉटला उघडताना १ जीबी लागू शकते. ती डिस्क १ जीबीच्या रास्पबेरी पायला लावली की 'नॉट इनफ अव्हेलेबल मेमरी टू ओपन अ कीस्लॉट'. लक्सडंपमध्ये स्लॉटखाली मेमरी १०४८५७६ दिसली तर तेच कारण. डिस्क पुन्हा मोठ्या मशीनला लावा आणि लक्सअ‍ॅडकीला --पीबीकेडीएफ-मेमरी २६२१४४ देऊन हलका स्लॉट जोडा.

/बूटसुद्धा एन्क्रिप्टेड असेल तर पासफ्रेज ग्रब विचारतो. लक्स-२ ग्रबला २.०६ पासून कळतं, पण त्या आवृत्तीला आर्गॉन२ येत नाही. तिथे पीबीकेडीएफ२ या जुन्या अल्गोरिदमचा स्लॉटच लागतो, आणि एंटरनंतर बराच वेळ शांतता असते. वाट बघा.

स्लॉट आणि हेडर

इथवर येऊनही डिस्क उघडली नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून क्रिप्टसेटअप लक्सडंप चालवा. ही कमांड फक्त वाचते. कोणते स्लॉट भरलेले आहेत ते बघा आणि मग क्रिप्टसेटअप ओपन --टेस्ट-पासफ्रेज -व्ही. पासफ्रेज चालला तर कोणता स्लॉट उघडला ते हीच सांगते, काही माउंट न करता.

हेडर दिसतो, स्लॉट भरलेला आहे, पासफ्रेजबद्दल शंका नाही आणि तरी उघडत नाही, असं असेल तर स्लॉटचा भाग खराब झालेला असू शकतो. व्हॉल्यूम की स्लॉटमध्ये ४००० पट्ट्यांत पसरून लिहिलेली असते, स्लॉट पुसायचा तर तो पक्का पुसला जावा म्हणून. त्याची दुसरी बाजू अशी की एक बिट बदलला तरी तो स्लॉट मेला. दुसरा स्लॉट असेल तर तो वापरून बघा. लक्स-२ हेडरच्या दोन प्रती ठेवतो, पण त्या प्रती माहितीच्या असतात. स्लॉटमधल्या किल्लीची दुसरी प्रत डिस्कवर कुठेही नसते.

'नॉट अ व्हॅलिड लक्स डिव्हाइस' आलं तर आधी पार्टिशन बरोबर आहे का बघा. बऱ्याचदा पूर्ण डिस्कचं नाव दिलेलं असतं, पार्टिशनचं नाही. नाव बरोबर असेल तर पार्टिशनच्या सुरुवातीचे ३२ एमबी डीडीने दुसऱ्या डिस्कवर फाइल म्हणून उतरवा. पुढचं काहीही करण्याआधी हे हवंच. मग हेक्सडंपने पहिले बाइट बघा. तिथे एल-यू-के-एस ही अक्षरं हवीत. ती नसतील, पण १६ केबी पुढे एस-के-यू-एल असं उलटं दिसलं, तर दुसरी प्रत जिवंत आहे आणि क्रिप्टसेटअप रिपेअरने काम होण्याची चांगली शक्यता आहे. दोन्ही नसतील तर बहुधा कोणीतरी त्यावर लिहिलं आहे. बाहेरची डिस्क विंडोजला लावली, 'फॉरमॅट करायचं का' या प्रश्नाला होय म्हटलं, की असंच होतं.

लक्सहेडरबॅकअपने काढलेली फाइल असेल तर ती लगेच डिस्कवर लिहू नका. क्रिप्टसेटअप ओपनला --हेडर आणि त्या फाइलचं नाव द्या, --रीडओन्ली लावा. डिस्कला न शिवता कळतं की हा हेडर याच डिस्कचा आहे का. उघडलं, डेटा कॉपी झाला, मगच लक्सहेडररिस्टोअर.

डिस्क उघडलेली असतानाच दोन कामं करून ठेवा: फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे असलेला दुसरा लांब पासफ्रेज लक्सअ‍ॅडकीने जोडा, आणि लक्सहेडरबॅकअप काढून दुसऱ्या जागी ठेवा. त्या बॅकअपमध्ये त्या दिवशीचे सगळे स्लॉट असतात. पुढे पासफ्रेज कोणाला कळला म्हणून बदलला, तरी जुन्या बॅकअपवर जुना पासफ्रेज चालतच राहतो. पासफ्रेज बदलला की जुना बॅकअप नष्ट करून नवा काढा. व्हॉल्यूम कीच बदलायची तर क्रिप्टसेटअप रीएन्क्रिप्ट लागतं.

कुठे थांबायचं

डीमेसेजमध्ये त्या डिस्कच्या नावापुढे 'आय-ओ एरर' दिसत असतील, डिस्क टकटक आवाज करत असेल, किंवा स्मार्टसीटीएल खराब सेक्टर दाखवत असेल, तर लगेच थांबा. पुन्हा पुन्हा पासफ्रेज टाकून बघणंही नको. प्रत्येक वाचनाने मरणारी डिस्क आणखी मरते. डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण प्रत काढावी लागते, आणि तुम्ही ते कधी केलेलं नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

हेडरच्या दोन्ही प्रती गेल्या आहेत आणि बॅकअप नाही, तिथेही थांबा. रीएन्क्रिप्ट मध्येच वीज जाऊन तुटलं असेल आणि क्रिप्टसेटअप रिपेअर काय विचारतो आहे ते तुम्हाला समजत नसेल, तर अंदाजाने होय म्हणू नका. मशीन कंपनीचं असेल तर यातलं काहीच करू नका. आयटी विभागाकडे राखीव रिकव्हरी की असू शकते, आधी ती मागा.

पासफ्रेज पूर्ण विसरला, दुसरा स्लॉट नाही, टीपीएमही नाही: हे कोणताही व्यावसायिक उघडू शकत नाही. पैसे घेऊन 'लक्स फोडून देतो' म्हणणाऱ्याकडे डिस्क देऊ नका. पासफ्रेज अर्धवट आठवत असेल, शेवटचे आकडे किंवा एखादं चिन्ह निसटत असेल, तर हेडरच्या प्रतीवर शक्यता चालवून बघता येतात. आर्गॉन२मुळे ते हळू चालतं, पण शक्यता थोड्या असतील तर जमतं.

डिस्क व्यावसायिकाकडे देताना तिच्यावर लक्स आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर तो तिला रिकामी किंवा फॉरमॅट हवी असलेली समजेल. मूळ डिस्कवर काही लिहायचं नाही, काम प्रतीवरच करायचं, हे लेखी घ्या. सोबत द्या: सुरुवातीच्या ३२ एमबीची फाइल, हेडरचा बॅकअप असेल तर तो, लक्सडंपचं उत्तर, पडद्याचे फोटो आणि तुम्ही कोणत्या कमांड कोणत्या क्रमाने चालवल्या त्याची यादी. पासफ्रेज लिहून देऊ नका. तो टाकायची वेळ आली की स्वतः जाऊन टाका.